पकडशक्तीचे मापन : एक चिकित्सा

प्रस्तावना

पुण्याच्या बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौक पाठ्यपुस्तकांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमातील 'कसोटी, मापन व मूल्यमापन' या विषयात पकडशक्तीची कसोटी अत्यंत सोपी मानली जाते. हँड ग्रिप डायनॅमोमीटर दाबला की किलोग्रॅममध्ये आकडा मिळतो. तथापि त्या आकड्यावरच संघनिवड झाल्यास विद्यार्थ्याची संधी हिरावली जाऊ शकते. म्हणून या मापनाची चिकित्सा आवश्यक ठरते.

मापनाच्या मर्यादा

प्रमाणित पद्धतीत खेळाडू खुर्चीवर बसतो, कोपर ९० अंशांत वाकवतो आणि तीन प्रयत्नांची सरासरी घेतली जाते. उपकरणाच्या मुठीचे अंतर हाताच्या आकारानुसार न जुळवल्यास लहान हाताच्या विद्यार्थिनीचा आकडा घटू शकतो.

आइस हॉकीत ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. तेथे खेळाडूच्या हातात जाड मोजे असतात. वरचा हात काठीला दिशा देतो, तर खालचा हात जागा बदलत जोर लावतो. उघड्या हाताने क्षणभर दिलेला दाब या दोन्ही कार्यांचे पूर्ण चित्र देत नाही.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला ऊर्जितावस्था आणली, त्यातही पकड केवळ मुठीची नसते. एरंडेल लावलेल्या खांबावर मांड्यांचीही पकड लागते. दोरीच्या मल्लखांबात दोरी पायाच्या अंगठ्यात व शेजारच्या बोटात धरली जाते. शिवाय खेळाडूला स्वतःचेच वजन तोलावे लागते. समजा, ५० किलो वजनाच्या मुलीची पकड ४० किलो आणि ८० किलो वजनाच्या मुलाची ४८ किलो भरली. नुसत्या आकड्यात मुलगा सरस ठरतो. परंतु वजनाशी असलेले गुणोत्तर अनुक्रमे ०.८ व ०.६ येते आणि क्रम उलटतो.

निष्कर्ष

डायनॅमोमीटर निरुपयोगी नाही. एकाच खेळाडूची प्रगती अथवा दुखापतीनंतरची सुधारणा पाहण्यास तो उपयुक्त आहे. मात्र नोंदीत हात, शरीरस्थिती, मुठीचे अंतर व शरीरभार यांचा उल्लेख असावा. आइस हॉकीसाठी मोजे घालून, तर मल्लखांबासाठी लटकण्याच्या कालावधीची पूरक कसोटी घ्यावी. कसोटी खेळाला अनुरूप नसेल, तर अचूक आकडाही निवडीचा न्याय्य आधार ठरत नाही.