निराशा नेमकी कोणाची?

कॅनडात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची इथल्या पाण्याशी ओळख नायगारा आणि थाउजंड आयलंड्स इथवरच असते. पाहुणे आले की तिकडे न्यायचे, फोटो काढायचे, झाले! या देशातली सर्वांत लांब नदी, मॅकेन्झी, मात्र आपण फक्त नकाशात पाहतो. ग्रेट स्लेव्ह लेकमधून निघून सुमारे १,७०० किलोमीटर वाहत ती आर्क्टिक महासागराला मिळते. काठावर मोजकी छोटी गावे, बाकी जंगल. या नदीवरून कनूने केलेल्या दोन प्रवासांची दोन पुस्तके मी पाठोपाठ वाचली. एक अलेक्झांडर मॅकेन्झीचे, १८०१ साली लंडनमध्ये छापलेले. दुसरे ब्रायन कॅस्टनरचे ‘डिसअपॉइंटमेंट रिव्हर’, २०१८ सालचे. दुसरे वाचायला पहिल्याची गरज नाही, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचली की खरी गंमत येते.

मॅकेन्झी हा नॉर्थ वेस्ट कंपनीचा पंचविशीतला व्यापारी. पीटर पाँड या जुन्या व्यापाऱ्याच्या अंदाजानुसार ही नदी पश्चिमेला पॅसिफिककडे जायला हवी होती. तसे झाले असते तर चीनशी व्यापाराचा जवळचा मार्ग मिळाला असता. ३ जून १७८९ रोजी मॅकेन्झी फोर्ट चिपेवायनहून बर्च झाडाच्या सालीच्या कनूतून निघाला. नदी आधी पश्चिमेला गेली, मग डोंगर आडवे आले आणि ती उत्तरेकडे वळली ती वळलीच. जुलैच्या मध्यावर एका बेटावर रात्री सामानाखाली पाणी चढले, तेव्हा ही समुद्राची भरती असल्याचे हळूहळू ध्यानात आले. समोर बर्फ होता. १२ सप्टेंबरला, १०२ दिवसांनी, मंडळी परत आली.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर रिक्वायरमेंट चुकीची, पण काम चोख. त्याचे लिखाणही क्लायंटला पाठवायच्या रिपोर्टसारखे आहे: किती वाजता निघालो, कोणत्या दिशेला किती मैल, वारा कसा, शिकार किती. छापण्यापूर्वी विल्यम कोम्ब नावाच्या लेखकाने त्यावर हात फिरवला, तरी त्याचा रोखठोकपणा गेलेला नाही.

कॅस्टनर बफेलोजवळ राहणारा, म्हणजे आपल्या शेजारचाच. अमेरिकन हवाई दलात तो बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाचा अधिकारी होता आणि इराकमध्ये राहून आला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याने मॅकेन्झीच्या मार्गाने ही नदी पार केली. कनू एकच, पण सोबतीला चार मित्र आळीपाळीने. पुस्तकात एक प्रकरण इतिहासाचे, एक स्वतःच्या प्रवासाचे, अशी वीण आहे. इतिहासाचा भाग उत्तमच आहे. माँट्रियलचे व्यापारी, केसाळ कातड्यांचा बाजार, उत्तरेतले जुने करार आणि वैरे हे सगळे तो कादंबरीसारखे सांगतो. प्रवासाच्या भागात डास, वारा, ऊन आणि कंटाळा भरपूर आहे, आणि त्यात वीरश्रीचा आव नाही हे मला आवडले. जिथे मॅकेन्झीला बर्फ आडवा आला तिथे याला मोकळे पाणी दिसते. दोनशे वर्षांत काय बदलले, ते या एका दृश्यात सांगून होते.

या पुस्तकाचे सर्वांत मोठे काम मला वेगळे वाटते. मॅकेन्झीच्या पुस्तकात ‘इंग्लिश चीफ’ या टोपणनावाने वावरणारा चिपेवायन मुखिया इथे औगीना या स्वतःच्या नावाने येतो, त्याच्या पूर्वायुष्यासह. सॅम्युएल हर्नला कॉपरमाइन नदीपर्यंत नेणाऱ्या मातोनाबीच्या गोटातला हा माणूस. दुभाषा, वाटाड्या आणि स्वतः मोठा व्यापारी. मॅकेन्झीच्या पुस्तकात परतीच्या वाटेवर दोघांची खडाजंगी होते. तू मुद्दाम नीट भाषांतर करत नाहीस, असा आरोप मॅकेन्झी करतो. मुखिया संतापतो आणि मोठ्याने रडू लागतो, त्याची माणसेही रडतात. अश्रू ढाळल्यावर ती नामुष्की पुसायला युद्धावर जायचे, अशी त्यांच्यात रीत असल्याचे तो सांगतो. मॅकेन्झी त्याला रम पाजून समजूत काढतो, कारण त्याच्यावाचून त्याचे पान हलणार नव्हते. औगीना कोण होता हे कळल्यावर हा प्रसंग वाचताना बाजू बदलते.

पण कॅस्टनरही एका जागी कमी पडतो. बेट सोडण्यापूर्वी मॅकेन्झीने तिथे एक खांब उभारला. त्यावर अक्षांश कोरला, स्वतःचे नाव कोरले आणि बरोबरच्या माणसांची फक्त संख्या! प्रोजेक्टच्या शेवटच्या स्लाइडवर मॅनेजरचे नाव आणि ‘टीम: अमुक जण’ असे लिहितात, तसे. त्या संख्येत चार बायका होत्या, दोन वल्हेकऱ्यांच्या आणि दोन औगीनाच्या. परतीच्या वाटेवर त्या सतत मूसच्या कातड्याचे जोडे शिवत होत्या, कारण एक जोड जेमतेम दिवसभर टिकत असे, हे मॅकेन्झीनेच नोंदले आहे. त्या जोड्यांशिवाय प्रवाहाविरुद्ध काठाकाठाने दोर लावून नाव ओढणे कसे जमले असते? त्यांची नावे आता सापडणार नाहीत, हे मान्य. पण औगीनाला इतकी पाने देणाऱ्या लेखकाने या शिवणकामाला एक सबंध प्रकरण द्यायला हवे होते. काठावरच्या आजच्या गावांचेही तेच. कनूतला प्रवासी येतो, बोलतो आणि पुढे जातो. गाव उदास दिसते, पण आतून दिसत नाही.

आता शीर्षकाकडे येऊ. ‘निराशेची नदी’ हे नाव मॅकेन्झीनेच दिले असे सांगतात. इतिहासकारांना त्याबद्दल शंका आहे, पण नाव चिकटले. निराशा झाली ती पॅसिफिक शोधणाऱ्याची. काठावरच्या डेने लोकांसाठी ही ‘डेह चो’, म्हणजे मोठी नदी. ती कुठे पोचवत नाही म्हणून त्यांचे काही अडत नव्हते. ते तिथेच राहत होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हे दुसरे नाव आले असते तर मला अधिक समाधान वाटले असते.

अडू लागले आहे ते आता. रस्ता नसलेल्या गावांना इंधन आणि जड सामान उन्हाळ्यात हे रिव्हरहून निघणाऱ्या बार्जवरून मिळते. २०२४ मध्ये पाणी इतके उतरले की नॉर्मन वेल्ससारख्या गावाची बार्ज रद्द करावी लागली. समुद्रातला बर्फ हटला आणि नदीतले पाणी आटले. कॅस्टनरच्या पुस्तकानंतरची ही घटना, पण ती माहीत असल्यावर शीर्षकातली निराशा कोणाची, हा प्रश्न आणखी टोकदार होतो.

आपल्या मुलांना शाळेत ‘एक्सप्लोरर’ या विषयावर प्रकल्प असतो. पोस्टरवर मॅकेन्झीचे चित्र आणि ‘शोध लावला’ हे शब्द ठरलेले. आपणही या देशात दुसऱ्यांनी दाखवलेल्या वाटेनेच आलो आहोत. पोस्टरवर औगीनाचे नाव लिहायला सांगा, आणि चार बायकांसाठी एक जोडा काढायला. त्यासाठी तरी कॅस्टनरचे पुस्तक लायब्ररीतून जरूर आणा.