खर्जाच्या तारेवरून

व्हायोलिनच्या चार तारांपैकी सर्वांत जाड, सर्वांत मंद्र तारेवर एखादी सुरावट सुरू व्हावी, ती चढू लागली तरी वादकाने शेजारची सोयीची तार न घेता त्याच तारेवर हात वर वर सरकवत न्यावा, आणि त्या हट्टातून स्वराला एक दाटलेला, कंठाजवळचा पोत यावा, हे सुख हवे असेल तर व्हित्तोरिओ मोंटीच्या ‘चार्दाश’चा आरंभ ऐकावा. तेच स्वर वरच्या तारेवर अधिक सहज वाजतील, अधिक उजळही वाटतील. पण त्यांतली व्याकुळता निघून जाईल. स्वर तोच असला तरी तो कुठून येतो यावर त्याचा अर्थ ठरतो, हे मींडेवर पोसलेल्या आपल्या कानांना कुणी समजावून सांगायला नको.

नाशिकच्या कानांना तर नकोच. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात तिथेच गोदाकाठी रामनामाचा आश्रम उभारला, आणि त्यांच्याच परंपरेतल्या पं. डी. के. दातारांनी पुढे व्हायोलिनला अक्षरशः गायला लावले. मांडी घालून, वाद्याचे टोक पावलावर टेकवून वाजवणारे दातार आणि उभे राहून, हनुवटीखाली वाद्य धरून मोंटी वाजवणारा विद्यार्थी यांच्या बैठकीत केवढे अंतर. तरी एकाच तारेवरून घसरत जाणाऱ्या बोटाची ओढ दोघांच्या हातांत एकच असते.

मोंटी (१८६८–१९२२) नेपल्सचा, पण ही रचना हंगेरीच्या लोकनृत्याच्या वळणाची: आधी संथ, मग वेगवान. १९०४च्या सुमाराची ही कृती जेमतेम साडेचार मिनिटांची, पण तिच्यात लहानमोठे सात खंड आहेत. मँडोलिनवरही ती वाजते, पण तिला तिचे घर सापडले ते व्हायोलिनमध्ये. बऱ्यापैकी तयारी झालेल्या विद्यार्थ्याला शिक्षक ती हौसेने देतात आणि मागे तंतुवाद्यांचा लहानसा वृंद असला तर तिला खरा रंग चढतो.

कारण संथ भागात एकल वादक लयीशी लाडीगोडी करतो. एक स्वर जरा अधिक धरतो, पुढचे दोन भरभर उरकतो. वृंदाने त्या वेळी त्याच्या गजाकडे डोळे लावून थांबायचे असते. ते थांबणे साथीचे मोठे काम आहे, हे आपल्या तबलजींना विचारावे. मग अचानक द्रुत येते: खालून डबल बासचा ठोका, त्याला लगटून मधल्या वाद्यांचे आघात, आणि वर सोळांशांची झड. हा वेग पाहून टाळ्या पडतात, पण मला वाटते, इथे धावण्याची घाई करणारा वादक आरंभी कमावलेले सगळे उधळून टाकतो. प्रत्येक स्वराला कड असली, तरच वेग कळतो.

इथवर सुरावट जिच्यात फिरते ती स्वरांची मांडणी आपल्याला किरवाणी रागाची आठवण करून देते. कोमल गंधार, कोमल धैवत, आणि वर खेचणारा शुद्ध निषाद. आणि मग मध्यावर वेग ओसरतो, षड्ज जागचा हलत नाही, पण गंधार शुद्ध होतो, धैवतही शुद्ध होतो. एवढेच! तरी आधीची सगळी व्यथा जणू कुणी हाताने पुसली. पाश्चात्त्य श्रोता याला डी मायनरमधून डी मेजरमध्ये जाणे म्हणेल. आपण मनाशी गंधार गुणगुणून पाहावा, रचनेची किल्ली हातात येते.

याच उजेडात कृत्रिम हार्मोनिक्सचा भाग येतो. पहिले बोट तार घट्ट दाबते, चौथे बोट वर नुसते टेकते, दाबत नाही. आणि दाबलेल्या स्वराच्या दोन सप्तके वर एक शिट्टीसारखा, पारदर्शक स्वर उमटतो. टेकण्यात केसाएवढा फरक पडला तर खरखर, गज जरा जड झाला तर मौन. खर्जाच्या तारेवर ज्या हाताने भार दिला, त्याच हाताला आता भाराचा त्याग करावा लागतो. विद्यार्थ्याची खरी परीक्षा मला झडीत दिसत नाही. ती इथे, या दोन बोटांत आहे. मागचा वृंद तेव्हा इतका मृदू हवा की त्या स्वरांचा वरचा काठ ऐकू यावा.

पुढे कोमल गंधार पुन्हा एकदा झडीसकट परततो, आणि शेवटी शुद्ध गंधार त्याला मागे टाकून धावत सुटतो. आता थांबणे नाही, वाट पाहणे नाही. मघाशी वादकाच्या गजाकडे पाहणारा सारा वृंद आता त्याच्या खांद्याला खांदा लावून पळतो आणि शेवटच्या स्वरगुच्छावर सगळे गज एकदम तारेवरून उचलले जातात.