मोगलीच्या गावात इरुळा नव्हते

प्राण्यांत वाढणाऱ्या मुलाची गोष्ट लिहायची तर लेखकाला आधी त्याचे आईबाप दूर करावे लागतात. किपलिंगने १८९४ च्या ‘द जंगल बुक’मध्ये मोगलीचं हेच केलं आणि १९१२ मध्ये एडगर राइस बरोजने टार्झनचंही. किपलिंग मुंबईत जन्मला खरा, पण सिवनीचं जंगल त्याने कधी पाहिलं नव्हतं. अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये बसून त्याने ते रचलं. त्याच्या लांडग्यांना कायदा आहे, अस्वलाला शास्त्र येतं; गावच्या माणसांना मात्र जंगलातलं काही म्हणजे काही कळत नाही. त्यांचा शिकारी बलदेव तर नुसता थापाड्या.

मद्रासने ही पोरक्या मुलाची गोष्ट आपल्या पद्धतीने सांगितली. १९७१ मध्ये तिथले निर्माते सँडो चिन्नप्पा देवर यांनी ‘हाथी मेरे साथी’ हा चित्रपट काढला. त्यातल्या अनाथ राजूला हत्ती बिबट्यापासून वाचवतात आणि तो त्यांच्याच सोबतीने वाढतो. पण हे हत्ती जंगलाचे कुठले, ते खेळ करून दाखवणारे! माणसाशी निष्ठा हा त्यांचा एकमेव गुण. मराठी मुलांच्या हाती १९५२ पासून मद्रासहूनच ‘चांदोबा’ येत होता (आमच्या घरी तो पुण्याचाच समजत). त्यातले कोल्हे-सिंह फर्डं बोलत, पण त्यांच्या अंगाला रानाचा वास नव्हता.

तो वास मद्रासच्याच आसपास आला, तोही वेगळ्या वाटेने. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी तिथलं सर्पोद्यान उभारलं आणि १९७६ मध्ये महाबलीपुरमच्या वाटेवर मगरींचं केंद्र सुरू केलं. त्यांच्यासोबत मगरींच्या शेजारीच संसार केलेल्या झाई व्हिटेकर मुलांसाठी लिहू लागल्या. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने काढलेलं त्यांचं ‘काली अँड द रॅट स्नेक’ या परंपरेतलं मला सर्वांत महत्त्वाचं पुस्तक वाटतं. काली इरुळा जमातीचा. बाप साप पकडतो, म्हणून पोरगा वर्गात एकटा पडतो. एक दिवस शाळेत धामण शिरते, सगळे बाकांवर चढतात आणि काली तिला धरतो. मोगलीला जे अस्वलाकडून शिकावं लागलं, ते कालीला घरात बापाकडून मिळालेलं आहे. संध्याकाळी तो घरी परत जातो. किपलिंगला ही शक्यता सुचलीच नव्हती.

तक्रार आहे ती पुढची. साप शाळेत आला म्हणून काली शहाणा ठरला. आला नसता तर? चित्रपुस्तकाच्या मोजक्या पानांत वर्गाच्या टाळ्या मावतात, बापाच्या मागे झुडपांतून केलेली पायपीट मावत नाही. बीळ वापरातलं आहे की नाही हे ओळखणं, ते उकरणं, विषारी दाताच्या वीतभर अंतरावर हात स्थिर ठेवणं: खरं साहस तिथे आहे. १९७८ पासून इरुळांची सहकारी संस्था सापांचं विष काढून प्रतिविष बनवणाऱ्यांना पुरवते, आणि २०२३ मध्ये साप पकडणाऱ्या दोघा इरुळांना, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना, पद्मश्री मिळाली. एवढ्या ऐवजावर एक भरघोस किशोरकादंबरी सहज उभी राहील. झाईंनीच ‘अंदमान्स बॉय’मध्ये लांब पल्ला गाठला, पण तिथे पळून अंदमानातल्या जारवा आदिवासींकडे पोचणारा आरिफ पुन्हा पोरकाच. म्हणजे गोष्ट मोठी झाली की आईबाप गेलेच!

आपण मराठी लोकांनी नाक मुरडण्याचं कारण नाही. हेमलकशाला प्रकाश आमट्यांच्या अंगणात बिबटे, अस्वलं आणि मुलं एकत्र वाढली. विलास मनोहरांनी ‘नेगल’मध्ये त्या प्राण्यांवर जीव ओतून लिहिलं, आणि मराठीतलं ते अव्वल प्राणिलेखन आहे. पण निवेदन मोठ्या माणसाचं. पिल्लाला दूध पाजणारा हात, चावा घेतल्यावर होणारी काळजी, हे सगळं त्याच्या उंचीवरून दिसतं. बिबट्याच्या पिल्लाशी झटापट करताना सात वर्षांच्या मुलाला नेमकं काय वाटतं, त्याला भीती कधी वाटते आणि मजा कधी, हे आपल्या बालवाङ्मयाने हेमलकशाकडून अजून मागून घेतलेलं नाही.