‘राजी’ : चढणारा देह, सांगणारे देव

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा व्हिडिओ गेम संहिता म्हणून वाचला असता त्यातील एक मूलभूत विसंगती लक्षात येते. महाबलासुराने पळवलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघालेली राजी ही कसरती करणारी पोर. तिची उडी, भिंतीवरची धाव, कड्याला लोंबकळणे यांतून तिची व्यक्तिरेखा घडते. राजस्थानी वळणाची वास्तूही तिच्या हालचालींतूनच उलगडते. अवकाश आणि व्यक्तिरेखा यांची ही एकात्मता हे या संहितेचे खरे सामर्थ्य होय.

निवेदन मात्र दुर्गा आणि विष्णू यांच्याकडे आहे. देहाने जे सिद्ध केले तेच देव पुन्हा शब्दांत सांगतात आणि राजीचे कर्तृत्व कृपेचा दाखला ठरू लागते. पडण्यालाही मोल उरत नाही. लालबाग-दादरच्या दहीहंडीत वरचा गोविंदा खालच्या थरांच्या खांद्यांवर उभा असतो. त्याचे पडणे सर्वांचे असते. राजी एकटीच पडते आणि क्षणात जवळच पुन्हा उभी राहते. अशा खेळांचा हा संकेतच आहे. परंतु या पुनरागमनाला कथेत अर्थ लाभत नाही. शेवटही तुटक वाटतो.

२०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले. निवेदकांची भाषा जवळची झाली. निवेदनाची सत्ता तशीच राहिली. सामान्य मुलीला नायिका करणे आणि तिची कथा तिच्या स्वाधीन करणे, यांतील अंतर ही संहिता ओळखत नाही.