'गरीब' म्हणजे कोण?

उर्दूतून मराठीत कथा-कविता आणणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांचे मराठीवर ऋण आहे. परंतु असे अनुवाद मुळाशी ताडून पाहताना एक उणीव वारंवार जाणवते. अवघड शब्दापाशी अनुवादक थांबतो, कोश उघडतो. ओळखीच्या शब्दापाशी मात्र तो निर्धास्त असतो, आणि फसतो तो तिथेच. 'गरीब' हा असाच एक शब्द.

गैन, रे, ये, बे. अरबी, फारसी व उर्दू या तिन्ही भाषांत तो याच अक्षरांनी लिहितात. अरबीत गरीब म्हणजे परका, तसेच विचित्र. सूर्य मावळतो ती दिशा सांगणारा 'मगरिब' याच धातूतला. फारसीत परकेपणाचा अर्थ टिकला. मदीनेपासून दूर, तूसच्या भूमीत विसावलेल्या इमाम अली रझांना 'गरीबुल गुरबा' म्हणतात, ते दारिद्र्यामुळे नव्हे. उर्दूत अर्थ वळला. वतन सुटलेला माणूस निराधार होतो, आणि निराधाराला निर्धन व्हायला वेळ लागत नाही. तरी 'गरीबुलवतन', 'अजीबोगरीब' या जोडशब्दांत जुना अर्थ जिवंत आहे. 'गुरबत' तर परदेशवास आणि दारिद्र्य, दोन्ही सांगतो.

तुर्कीने १९२८ साली लिपी बदलली. तिथे हा शब्द 'गरीप' झाला. ओरहान वेली व त्याच्या दोन मित्रांच्या १९४१ च्या कवितासंग्रहाचे हेच नाव आहे. त्याचा अर्थ 'विचित्र' असा आहे. मराठीत ते 'गरीब' असे आणले, तर वाचक दारिद्र्याच्या कविता शोधत बसेल. आणि आपल्याकडे गायही 'गरीब' असते, कारण ती मारत नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. वतन सोडलेल्या माणसाच्या नज्मेतील 'गुरबत'ला मराठीत 'गरिबी' म्हटले की घराची ओढ जाते आणि पैशाची चणचण उरते. हदीसच्या बाबतीत तर अधिक जपायला हवे. 'गरीब हदीस' म्हणजे जिच्या सनदीत एखाद्या टप्प्यावर एकच रावी आहे अशी हदीस. केवळ तेवढ्याने ती जईफ ठरत नाही. पण मराठी वाचक 'गरीब' वाचून तिला दुबळी समजू शकतो. इस्लामचा आरंभ 'गरीब' अवस्थेत झाला, या आशयाची हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. तिथे निर्धन असा अर्थ घेतला, तर चारचौघांत परके ठरूनही टिकून राहण्याची गोष्ट निसटते.

मूळ अरबी अर्थच खरा, मराठी अर्थ अपभ्रष्ट, असे काहीजण म्हणतील. ते आम्हांला मान्य नाही. शब्द ज्यांच्या तोंडी नांदतो, अर्थ त्यांचा. मात्र अनुवादकाने तो कोणत्या घरातून येतो आहे हे विचारलेच पाहिजे. माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करून मोठे काम केले. आता आपल्याला हवा आहे तो अशा सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा छोटा कोश: तिथे काय अर्थ, इथे काय अर्थ, उदाहरणांसह. उर्दू आणि मराठी दोन्ही घरांत वावरणाऱ्या आपल्या लेखकांनी हे काम करायचे नाही, तर कोणी करायचे?