फोकसर बदलण्याआधी

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. आज मला दुर्बिणीच्या एका भागाची करायची आहे: फोकसरची. आकाशाचे फोटो काढायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो. "दात्यांचा फोकसर काढून टाक, क्रेफर्ड बसव." यात खरं किती आणि ऐकीव किती, ते पाहू.

उदाहरण घेऊ १३० मिमी व्यासाच्या, ६५० मिमी नाभीय अंतराच्या न्यूटनी दुर्बिणीचं. म्हणजे एफ/५. कॅमेऱ्याचा सेन्सर थोडा पुढेमागे झाला तरी तारा ठिपक्यासारखा राहतो, असा एक पट्टा असतो. हिरव्या प्रकाशात या दुर्बिणीसाठी तो सुमारे ५५ मायक्रॉन येतो, साधारण केसाच्या जाडीइतका. आता समजा नॉबच्या एका फेऱ्यात नळी २० मिमी सरकते. करा भागाकार. ५५ मायक्रॉन म्हणजे नॉबचा जेमतेम एक अंश! नुसतं बघताना हे खपून जातं, कारण डोळा थोडंफार जुळवून घेतो. सेन्सर घेत नाही. तेव्हा दहापट सावकाश फिरणारा बारीक नॉब हवा, ही मागणी रास्तच आहे. एका अंशाचे दहा होतात आणि बोटांना ते जमतं.

गल्लत होते ती पुढे. क्रेफर्ड शोधला जॉन वॉल या इंग्लिश हौशी खगोलप्रेमीने, आणि नाव पडलं ते लंडनमधल्या क्रेफर्ड इथल्या खगोल मंडळावरून. त्यात दातेच नाहीत. चार बेअरिंगवर टेकलेली नळी आणि तिला दाबून धरणारा एक दांडा, बस्स. दाते नाहीत म्हणून मेकॅनिक ज्याला 'प्ले' म्हणतो तो नाही. कल्पना सुंदर आहे. पण बघा, सगळी भिस्त घर्षणावर आली! जड कॅमेरा लावला की नळी घसरू शकते. स्क्रू आवळला तर नॉब जड होतो. उलट कित्येक महागड्या भिंगांच्या दुर्बिणींना आजही दात्यांचाच फोकसर असतो, फक्त दाते नेटके कापलेले असतात. म्हणजे दोष दात्यांचा नाही, ढिसाळ कामाचा आहे. स्वस्तातला क्रेफर्डही तितकाच ढिसाळ असू शकतो.

माझीच फजिती सांगतो. नवा फोकसर बसवून डिसेंबरात एका पठारावर गेलो. मृग नक्षत्रातला तेजोमेघ, स्वच्छ आकाश, रात्रभर फोटो. घरी येऊन पाहतो तर सुरुवातीचे तारे टाचणीसारखे आणि मध्यरात्रीनंतरचे सगळे फुगलेले. मी फोकसरला शिव्या घातल्या. मग शांतपणे हिशेब केला. आरशापासून फोकसरपर्यंतची पोलादी नळी धरा ५०० मिमी. ती १० अंशांनी निवली की ६० मायक्रॉन आखडते. पट्टा तर ५५ चाच! फोकसर जागेवर होता, दुर्बीणच आखडली होती. संध्याकाळी एकदा जुळवलेला फोकस मी पुन्हा तपासलाच नव्हता. पुठ्ठ्यातून कापलेला बाख्तिनोव्ह मास्क तासातासाला लावला असता तर रात्र वाचली असती.

मग बदलायचा कधी? आधी जुना फोकसर उघडा. चिकट ग्रीस पुसा, मोकळ्या फटीत टेफ्लॉनची पातळ पट्टी घाला, स्क्रू नीट आवळा. मग कॅमेरा लावून दुर्बीण वेगवेगळ्या दिशांना वळवा. फोटोच्या एका कोपऱ्यातले तारे गोल आणि समोरच्या कोपऱ्यातले ओढलेले दिसले, तर आधी आरशांची जुळणी तपासा. जुळणी बरोबर असूनही नळी कलत असेल, तर बदला. दुसरं खरं कारण म्हणजे उंची. डीएसएलआर आणि त्याची टी-रिंग मिळून सेन्सर साधारण ५५ मिमी बाहेर जातो, आणि अनेक छोट्या न्यूटनी दुर्बिणींत फोकस तिथवर पोचतच नाही. तिथे बुटका फोकसर घ्या, नाहीतर मुख्य आरसा थोडा वर सरकवा.

तेव्हा दुकानात 'क्रेफर्ड आहे का?' एवढंच विचारू नका. 'माझा कॅमेरा लावून दाखवा, नळी कलते का ते मला बघू द्या' असं म्हणा.