‘फकिरा’ : शीर्षकाची जडणघडण

पालेगावात माझ्या शेजारी राहणारा एक तरुण कादंबरी लिहितो आहे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत तो कंत्राटावर कामाला आहे. मागच्या पावसाळ्यात तो हस्तलिखित घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “सर, कथा लिहून झाली, पण नाव सापडत नाही.” तोवर त्याने तीन नावे बदलली होती : ‘अंधारातील मशाल’, ‘क्रांतीची लेकरे’ आणि नुसते ‘विद्रोह’. कादंबरी त्याच्या आजोबांविषयी आहे. ते सातारा जिल्ह्यातून पोट भरायला इकडे आले, कारखान्यात चिकटले, आणि निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी गेटावर त्यांचा बिल्ला नंबर पुकारला गेला. आश्चर्य हे की नातवाच्या दीडशे पानांतही आजोबांचे नाव एकदाही आलेले नाही. सगळीकडे ‘म्हातारा’ एवढेच. शीर्षक का सापडत नाही, हे मला तिथेच कळले. मी त्याला अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ पुन्हा वाचायला सांगितले, आणि त्या निमित्ताने मीही ती पुन्हा वाचली.

‘फकिरा’ 1959 साली प्रसिद्ध झाली. अण्णाभाऊंचा जन्म 1 ऑगस्ट 1920 चा, वाटेगावचा. म्हणजे कादंबरी हातात पडली तेव्हा लेखक एकोणचाळीस वर्षांचा होता. फकिरा हा मनाने रचलेला नायक नव्हे. तो त्यांच्याच गावचा, त्यांच्याच नात्यागोत्यातला बंडखोर. अण्णाभाऊ जन्मले तेव्हा फकिराने लुटीतले ओंजळभर सुरती रुपये बाळंतिणीच्या घरी दिले, अशी आठवण त्यांचे चरित्रकार सांगतात. तिच्यातला तपशील कमीजास्त असेल. पण या लेखकाच्या कानावर हे नाव अक्षरओळखीच्या आधी पडले होते, एवढे तिच्यावरून नक्की दिसते. शाळा त्यांच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस आली. पुढे बापाबरोबर पायी मुंबई, गिरणी, चळवळ, 1944 मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. पोवाडे झाले, लोकनाट्ये झाली, कथा झाल्या. नाव मनात होते, कथाही ऐकलेली होती. तरी कादंबरी व्हायला एवढी वर्षे का लागावीत?

याचे उत्तर मला कादंबरीच्या रचनेत सापडते. पोवाडा नायकाच्या नावाने उभा राहतो आणि पहिल्या चौकापासून त्याचा पराक्रम गातो. शाहिराला ती वाट पाठ होती. ‘फकिरा’त मात्र अण्णाभाऊंनी ती सोडली. कादंबरी सुरू होते ती बापापासून, राणोजीपासून. शिगावची जोगणी वाटेगावात आणण्यासाठी राणोजी जिवावर उदार होतो आणि मारला जातो. ज्याचे नाव मुखपृष्ठावर आहे तो तेव्हा पोर आहे. पुढे दुष्काळात माणसे उपाशी मरू लागतात, तेव्हा तो धान्य लुटतो, खजिना लुटतो, आणि अखेर आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतःला सरकारच्या हवाली करतो. बापाने गावाच्या इभ्रतीसाठी मरण पत्करले. लेकाने आपल्या लोकांच्या भुकेसाठी पत्करले. या दोन मरणांमधले अंतर चालून गेल्यावरच हे नाव शीर्षक होते. पहिल्या पानावर ते एका पोराचे नाव असते, शेवटच्या पानावर एका समाजाच्या जाणिवेचे.

आता त्या शब्दाकडे पाहू. फकीर म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. आपल्या खेड्यांत पिराच्या नवसाने झालेल्या मुलाला हे नाव ठेवीत. पहिली मुले दगावली की दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवीत, म्हणजे मरणाची दृष्ट लागू नये. त्याच पंक्तीतले हे गरिबाघरचे नाव. त्या नावाचा माणूस खजिना फोडतो, यातच अर्धी कादंबरी आहे. तिला आणखी विशेषणाची गरज राहिली नाही. स्वतः अण्णाभाऊंनीही इतरत्र विशेषणांचा आधार घेतला आहे. ‘वारणेचा वाघ’मध्ये माणसाआधी उपमा येते. ‘चिखलातील कमळ’ हे तर मराठी साहित्याच्या बाजारात तयार मिळणारे नाव. त्यामुळे ‘फकिरा’चे साधेपण अधिकच डोळ्यांत भरते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांनी रोज हजेरी द्यायची, न सांगता गाव सोडायचे नाही, असा त्याचा जाच होता. तो कायदा 1952 साली रद्द झाला. कादंबरीत मांगवाड्यावर ही हजेरी येते. हजेरीत नाव पुकारले जाते ते माणूस म्हणून नव्हे, संशयित म्हणून. तेच नाव सात वर्षांनी एका मराठी कादंबरीच्या मुखपृष्ठावर छापले गेले. सरकारच्या वहीतून नाव काढून घेऊन ते आपल्या वहीत लिहिणे, हे या शीर्षकाचे काम आहे.

आणि अर्पणपत्रिकाही पाहावी. ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला आहे. 1956 च्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. 1958 मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पुढच्याच वर्षी ‘फकिरा’ आली. तलवार चालविणाऱ्याचे नाव वर आणि लेखणी चालविणाऱ्याला अर्पण, ही जुळणी सहज झाली असे मी मानत नाही.

कादंबरीत दोष आहेत. फकिरा पुष्कळदा माणसापेक्षा मोठा होतो. ज्या गावाने राणोजीला वेशीबाहेर ठेवले त्या गावाच्या जोगणीसाठी त्याने का मरावे, हा प्रश्न कादंबरी पुरेशा कठोरपणे विचारीत नाही. तो पुढच्या पिढीने विचारला. ‘बलुतं’ (1978), ‘उपरा’ (1980), ‘अक्करमाशी’ (1984) या आत्मकथनांची नावे म्हणजे गावगाड्याने अंगावर फेकलेले शब्द. लेखकांनी ते झेलून परत फेकले. ‘फकिरा’ हे मात्र घरच्यांनी ठेवलेले नाव आहे. आपल्या साहित्याला दोन्ही हवीत. परंतु फेकलेला शब्द शोधावा लागत नाही. घरचे नाव जपून ठेवावे लागते, नाहीतर ते एका पिढीत पुसले जाते.

गेल्या आठवड्यात तो तरुण पुन्हा आला. शीर्षकाचे पान त्याने कोरे ठेवले होते. मात्र पहिल्या प्रकरणात ‘म्हातारा’ हा शब्द जिथे जिथे होता, तिथे तिथे खोडून त्याने पेनाने आजोबांचे नाव लिहिले होते. नाव लिहिताच दोन प्रसंग खोटे वाटू लागले, ते काढून टाकले, असे तो सांगत होता. मी म्हटले, “शीर्षकाची घाई करू नकोस. काम सुरू झाले आहे.”